जांभळाची बी वाट बघत नाही

(सामुदायिक रेडिओवरील भाषण. खडवली, जि. ठाणे)

खडवलीहून बोलतेय. गटाच्या बैठकीत बसून ऐकत असाल तर रेडिओ जरा मधोमध ठेवा, म्हणजे मागे बसलेल्या आज्यांनाही ऐकू जाईल. आज जे बोलायचंय ते त्यांच्याबद्दलच आहे.

सध्या जांभळं पिकलीत. पहिला पाऊस पडला की रानात शेवळं वर येतील. त्यांच्या जुड्या आणि सोबत काकडाची हिरवी फळं घेऊन आपल्या बायका कल्याणच्या बाजारात बसतील. काकड घातल्याशिवाय शेवळाची खाज जात नाही, हे गिऱ्हाइकाला आपणच सांगतो. पण काकडाचं झाड कुठे उरलंय ते आपल्यातल्या किती जणींना दाखवता येईल? बी कधी धरते, ती रुजवायची कशी, हे किती जणींना माहीत आहे? विचारून बघा. साठीच्या पुढच्या दोघीचौघी बोलतील. बाकीच्या एकमेकींच्या तोंडाकडे बघतील.

ही जाणकारी आता त्या चौघींपाशी येऊन थांबली आहे. ती पुढच्या हातात कशी द्यायची, एवढाच माझा विषय.

दर पावसाळ्यात झाडं लावायचा कार्यक्रम होतो. राज्यात २०१६ ते २०१९ अशी चार वर्षं मोठी मोहीम झाली. पहिल्या वर्षी २ कोटी झाडांचं उद्दिष्ट होतं, मग ४ कोटी, मग १३ कोटी आणि २०१९ मध्ये ३३ कोटी. गावोगाव खड्डे झाले, आपणही खणले. पण लावलेलं आणि जगलेलं यांत फरक असतो. तुमच्या गावात मागच्या वर्षी लावलेल्या झाडांचे खड्डे असतील तर येत्या मे महिन्यात जाऊन मोजा. किती रोपं उभी आहेत, ते बोटांवर मोजता येतंय का बघा.

रोप का मरतं? गुरं खातात, वणवा लागतो, पाणी मिळत नाही, हे खरंच. पण त्याच्याही आधीचं कारण असतं. रोप कुठल्या तरी लांबच्या नर्सरीतून टेम्पोत भरून येतं. ते या मातीतलं असेलच असं नाही. गुलमोहर मूळचा मादागास्करचा. निलगिरी आणि ऑस्ट्रेलियन बाभूळ ऑस्ट्रेलियाकडची. सुबाभूळ मेक्सिकोकडची. रस्त्याला सावली हवी, शेताच्या बांधाला हिरवळीचं खत हवं, तर त्यासाठी बाहेरची झाडं लावायला माझी हरकत नाही. पण उघडा पडलेला डोंगर पुन्हा रान व्हावा, त्यावर पाखरं यावीत, खाली भाजी उगवावी, असं वाटत असेल तर तिथलंच झाड हवं. ऐन, खैर, मोह, पळस, बहावा, काकड, बेहडा, शिवण. नदीकाठाला करंज, उंबर, जांभूळ. भातसेच्या काठाचा विचार करा. धरणातून तिचं पाणी मुंबईला जातं, खाली ती उल्हास नदीच्या पाण्याला मिळते. काठावरच्या करंजाची नि उंबराची मुळं माती धरून ठेवतात. ती गेली की काठ पाण्याबरोबर जातो.

आणि ही झाडं पुस्तकात वाचून उगवता येत नाहीत. कुणाच्या तरी हाताखाली शिकावं लागतं.

कारवारच्या पुढे अंकोला तालुका आहे. तिथल्या होन्नळ्ळी गावच्या तुळसी गौडा, हालक्की समाजाच्या. लहानपणीच वडील वारले, म्हणून आईबरोबर वनखात्याच्या रोपवाटिकेत कामाला जाऊ लागल्या. शाळेत कधी गेल्या नाहीत. पिशव्या भरणं, बी गोळा करणं, पाणी घालणं, ही त्यांची शाळा. कित्येक वर्षं रोजंदारीवर काढली, पुढे त्यांची जाणकारी बघून खात्याने त्यांना कायम केलं. त्यांची खासियत होती आईझाड ओळखण्याची. आईझाड म्हणजे जंगलातलं सगळ्यांत धडधाकट, भरपूर बी देणारं जुनं झाड. त्याची बी घेतली तर रोप जोमदार होतं. हे कुठलं झाड आणि त्याची बी कधी काढायची, ते शिकलेले अधिकारी त्यांना विचारत. २०२० सालच्या पद्मश्रीच्या यादीत त्यांचं नाव आलं. दिल्लीला राष्ट्रपती भवनात त्या अनवाणी गेल्या. १६ डिसेंबर २०२४ ला त्या वारल्या.

त्याच २०२० च्या यादीत आपल्या राज्यातल्या राहीबाई पोपेरे होत्या. घाटाच्या वर, अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या. त्याही शाळेत गेलेल्या नाहीत. भाताची, वालाची, भाज्यांची गावरान वाणं त्यांनी घरात जपली, गटातल्या बायकांना दिली आणि त्यातून बियाण्यांची बँक उभी राहिली. एकीने जंगलाची बी ओळखली, दुसरीने शेताची. दोघींनाही शिकवणारं कुणी तरी आधी होतं, आणि दोघींच्या हातांना रोजचं काम होतं. त्यातूनच हे आलं.

आता कामाचं बोलू. लिहिता येणारीने लिहून घ्या.

पहिलं, बीचा काळ. खैराच्या शेंगा पौष-माघात तयार होतात. तपकिरी झाल्या की काढायच्या. बीला किड्याचं भोक असेल तर ती फेकायची. बहाव्याच्या काळ्या लांब शेंगा होळीच्या आसपास मिळतात. करंजाच्या शेंगा फाल्गुनापासून वैशाखापर्यंत. मोह आणि जांभूळ ज्येष्ठात, म्हणजे आत्ता.

दुसरं, बीचा स्वभाव. काही बिया सुकवून डब्यात भरल्या तर वर्षभर टिकतात. खैर आणि बहावा तशातले. पण जांभूळ आणि मोह तसे नाहीत. जांभळाची बी उन्हात वाळवली की मेली. गर धुऊन काढा, सावलीत ठेवा आणि आठ-दहा दिवसांत मातीत घाला. ती पुढच्या कार्यक्रमाची तारीख ठरायची वाट बघत नाही. मोहाचंही तेच. म्हणून ज्या नर्सरीला मार्च महिन्यात सवड असते तिथे ही रोपं होत नाहीत. ज्या बाईच्या दारात जांभूळ आहे तिच्याकडे ती होतात.

तिसरं, बीला जागं करणं. बहाव्याचं कवच कठीण असतं. खरखरीत दगडावर एका कडेला घासायची आणि रात्रभर पाण्यात ठेवायची. किंवा उकळलेलं पाणी चुलीवरून उतरवून त्यात टाकायची आणि तशीच निवू द्यायची. खैर एक दिवस साध्या पाण्यात भिजवला तरी चालतो. करंज रात्रभर भिजवा. सागाचं बी मात्र चिवट. रात्री भिजवायचं, दिवसा उन्हात वाळवायचं, असं आठवडा-दोन आठवडे करत राहायचं.

चौथं, बी कुठून घ्यायची. एकाच झाडाची घेऊ नका, लांब लांबच्या आठ-दहा झाडांची घेऊन मिसळा. म्हणजे सगळी रोपं एकाच घरातली होत नाहीत, रोग आला तर काही तरी टिकतात. झाड ओरबाडू नका. पाखरांना आणि जमिनीला अर्धं तरी राहू द्या. शेवळाचंही तसंच आहे. आपण खुडतो तो त्याचा फुलोरा. सगळाच खुडला तर बी धरणार कुठून? राखीव जंगलातून बी आणायची तर आधी वनरक्षकाला आणि गावच्या वन समितीला सांगा.

पाचवं, रोप. माती, वाळू आणि कुजलेलं शेणखत चाळून पिशव्या भरायच्या. पिशवीला खाली भोकं हवीत. पहिले काही महिने सावली द्यायची. लावणीच्या आधी महिनाभर सावली काढायची आणि पाणी कमी करायचं, म्हणजे रोप माळावरच्या उन्हाला तयार होतं. लाडावलेलं रोप माळावर टिकत नाही. शक्यतो वर्षभराचं, कंबरेएवढं रोप लावा. लावताना पिशवी फाडून बाजूला काढा, मातीत पुरू नका. गोल फिरलेली मुळं मोकळी करा.

आणि सहावं. प्रत्येक माळावर झाड लावायलाच हवं असं नाही. राबासाठी ऐन छाटला तरी तो पुन्हा फुटतो, हे आपल्याला कुणी शिकवायला नको. साग फुटतो, पळस फुटतो. डोंगरावर तोडलेली खोडं मुळापासून जिवंत असतात. त्यांना खड्डा नको, पिशवी नको, फक्त तीन-चार वर्षं कुणी हात लावायचा नाही. एका खुंटातून दहा फुटवे आले तर दोन चांगले ठेवून बाकीचे काढायचे. घाणेरी आणि रानमोडी बी धरायच्या आत मुळासकट उपटायच्या. दिवाळी झाली, गवत वाळायला लागलं की जाळपट्टा काढायचा. एका वणव्यात चार वर्षांची राखण जाते. हे काम कमी खर्चाचं आहे आणि त्याचं फळ लागवडीपेक्षा लवकर दिसतं. पण फोटो काढण्यासारखं त्यात काही नसतं, म्हणून ते मागे पडतं.

तर हे शिकायचं कसं? माझं म्हणणं साधं आहे. गटाने एक जाणती बाई निवडायची आणि तिच्या हाताखाली दोन मुली द्यायच्या. एका पावसाळ्यापासून पुढच्या पावसाळ्यापर्यंत, पूर्ण वर्ष. दोन दिवसांच्या शिबिरात बी कशी रुजवायची ते सांगता येतं, पण खैराची शेंग पौषात आणि जांभूळ ज्येष्ठात. दोन्ही हाताने करून बघायचं तर वर्ष लागतंच. मुलीने वही ठेवायची. कुठलं झाड, बी कधी काढली, किती पेरली, किती उगवली, किती जगली. मावशी सांगेल, मुलगी लिहील. वर्षाअखेरी ती वही गावाची होईल.

इथे काही जणी मनात म्हणत असतील, बाई, आम्हाला आधीच श्वास घ्यायला फुरसत नाही. पाणी भरायचं, भात लावायचा, आता वर हेही? बरोबर आहे तुमचं. म्हणून एक गोष्ट ठामपणे सांगते. हे काम फुकट करू नका. गावासाठी म्हणून बाईने फुकट राबायचं, ही रीत आपण पुरेशी पाळली. रोपं तयार करायच्या आधी ग्रामपंचायतीकडून किंवा ज्यांना रोपं हवीत त्यांच्याकडून किती, कुठली आणि काय भावाने, ते लेखी घ्या. हाताखालच्या मुलीला मजुरी द्या. आणि शिकवणाऱ्या मावशीला मजुरीपेक्षा जास्त द्या. ती पिशव्या भरायला आलेली नाही, शिकवायला आली आहे. तुळसी गौडांच्या जाणकारीला खात्याने मान दिला, पण त्याआधी किती वर्षं त्या रोजंदारीवरच होत्या ते आठवा.

केनिया देशात वांगारी माथाई नावाच्या बाईंनी १९७७ साली बायकांचे गट करून रोपवाटिका सुरू केल्या. वनखात्यातल्या लोकांना वाटे, रोपं करायला पदविका लागते. त्या म्हणाल्या, आमच्या बायका शेती करतात, त्यांना बी पेरता येते. त्यांनी पैसे द्यायची रीतही पक्की केली होती. बाईला रोपामागे थोडे पैसे मिळत, पण रोप लावून जगलं तरच. त्यामुळे मोजणी जगलेल्या झाडांची झाली आणि राखणही आपोआप झाली. त्या कामाला २००४ साली शांततेचं नोबेल मिळालं. आपल्याला नोबेल नको. पण पैशाचा हिशोब खड्ड्यांवर न करता जगलेल्या झाडांवर करा, एवढं आपण पंचायतीला सांगू शकतो.

खडवलीच्या आजूबाजूला जमिनी विकल्या जातायत. कुंपणं पडतायत, विटभट्ट्यांचा धूर आहे, आणि आपल्या मुली सकाळची गाडी पकडून कल्याण-ठाण्याला कामाला जातायत. त्यांना अडवायचं नाही. पण इथेही शिकण्यासारखं आणि चार पैसे देणारं काम आहे, हे त्यांना दिसायला हवं. ते दाखवणाऱ्या आज्या आज आहेत. आणखी दहा वर्षांनी किती असतील?

या आठवड्याच्या बैठकीला एवढंच करा. प्रत्येकीने खाल्लेल्या जांभळांच्या दहा बिया धुऊन ओल्या फडक्यात बांधून आणा. दुधाच्या रिकाम्या पिशव्या आणा, खाली भोकं पाडून. गटातल्या सगळ्यांत थोरल्या आजीला खुर्चीवर बसवा आणि तिला विचारा, बी आडवी ठेवायची की उभी, किती खोल, वर काय घालायचं. ती सांगेल तसं करा. जवळ एका मुलीला वही घेऊन बसवा. पहिल्या पानावर तारीख घाला आणि आजीचं नाव लिहा.