पाण्याखालचं अंगण



आम्ही मालवण तालुक्यातल्या, तारकर्ली-देवबागच्या बाजूच्या एका बचत गटातल्या बाया. गटात आम्ही अकराजणी. कोणी घरातल्या दोन खोल्या पाहुण्यांना देते, कोणी माशाचं जेवण करून देते, कोणी कोकम आणि सोलं विकते. सहाजणींच्या घरात होडी आहे. आज आम्ही पापड-लोणच्याचं नाही, तर पाण्याखालचं बोलणार आहोत. स्कूबा डायव्हिंग हा शब्द तुम्ही ऐकला असेल. पाठीवर हवेचं सिलिंडर लावून समुद्राच्या तळाशी जायचं, त्याला स्कूबा म्हणतात. आमच्या गावात त्याच्या पाट्या गल्लोगल्ली लागल्या आहेत.

झालं असं, की एका सकाळी पुण्याहून आलेली एक मुलगी आमच्याकडे घावणे खात बसली होती. आदल्या दिवशी ती पाण्याखाली जाऊन आली होती आणि तेच सांगत होती. मध्येच तिने विचारलं, "मावशी, तुम्ही कितीदा गेलात खाली?" आम्ही एकमेकींकडे बघितलं. जन्म समुद्रकाठी गेला. मासळी निवडली, सुकवली, विकली, रापण ओढायला हात लावला. पण खाली काय आहे ते आमच्यातल्या एकीनेही पाहिलं नव्हतं. पाहुण्यांना मात्र आम्ही रोज सांगत होतो, "जावा, बघून येवा, छान असता!"

गटाच्या बैठकीत विषय निघाला. थोरली काकी म्हणाली, "ह्या वयात बुडूक खंय जातास?" सगळ्या हसल्या, आणि शेवटी तिनेच पहिलं नाव दिलं. नऊजणी तयार झाल्या. मंगळसूत्र काढायचं की नाही यावरच अर्धा तास गेला. शेवटी ठरलं, साखळी कुठे अडकली तर जिवावर बेतेल, म्हणून ती घरी देवापाशी ठेवायची. रबरी पोशाख अंगाला घट्ट बसतो, त्याचीही लाज वाटत होती. पण सगळ्याच तशा दिसणार, मग कोण कोणाला हसणार?

आता एक गोष्ट नीट ऐका, कारण ती जिवाची आहे. आम्ही केंद्रावर गेलो तेव्हा तिथल्या मुलाने प्रत्येकीच्या पुढे एक कागद ठेवला. तब्येतीचे प्रश्न होते. दमा आहे का, हृदयाचा त्रास आहे का, फिट येते का, कानाचा पडदा फाटला आहे का, दिवस गेले आहेत का. त्याने काही न विचारता सगळ्यांपुढे "नाही, नाही" अशा खुणा केल्या आणि म्हणाला, "सही करा." आमच्यातली एक अंगणवाडी सेविका आहे. तिला कागद वाचल्याशिवाय सही करायची सवय नाही. तिने प्रश्न मोठ्याने वाचले. दम्याचा प्रश्न आला आणि आमची एक वहिनी खाली बघायला लागली. तिच्या पिशवीत दम्याचा पंप होता. ती हळूच म्हणाली, "गेल्या महिन्यापासून नाही आला गो त्रास. जाऊ दे ना मला." पैसे भरलेले होते आणि हौस तर सगळ्यांत जास्त तिलाच होती.

तेवढ्यात वयाने मोठे असलेले एक शिकवणारे भाऊ आले. त्यांनी आम्हाला समजावलं. सिलिंडरमध्ये ऑक्सिजन असतो असं लोकांना वाटतं, पण तसं नाही. आपण इथे घेतो तीच साधी हवा त्यात दाबून भरलेली असते. दहा मीटर खोल गेलं की अंगावरचा दाब दुप्पट होतो, आणि तिथे छातीत घेतलेली हवाही तेवढीच दाबलेली असते. वर येताना ती फुगते. म्हणून पाण्याखाली श्वास कधीही रोखायचा नाही, सतत घेत आणि सोडत राहायचा. दम्याच्या माणसाच्या छातीत हवा अडकली आणि तो तसाच वर आला, तर तीच हवा फुगून फुप्फुस फाडू शकते. किनाऱ्यावर दमा नसला म्हणजे खाली येणार नाही असं नाही. डॉक्टरांनी तपासून लिहून दिल्याशिवाय जायचं नाही.

वहिनी होडीतच थांबली. तिचे डोळे भरले होते. आम्हालाही वाईट वाटलं, पण खोटी सही करून तिला खाली नेली असती तर आज हे भाषण करायची हिंमत आमच्यात नसती.

सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपास जी खडपं आहेत, त्या बाजूला आम्ही उतरलो. खोली सात-आठ मीटर, म्हणजे एखाद्या विहिरीएवढी. प्रत्येकीसोबत एक शिकवणारा होता. खाली बोलता येत नाही, सगळं हातानेच. अंगठा वर केला की आपल्याकडे "छान" असा अर्थ होतो, तिथे त्याचा अर्थ "मला वर न्या." काकीने खूश होऊन अंगठा दाखवला आणि त्यांनी तिला थेट वर आणून सोडलं! दुसऱ्यांदा तिने अंगठा आणि तर्जनीचं गोल दाखवलं, तेव्हा राहू दिलं. कान दुखायला लागले की नाक चिमटीत धरून हलकेच फुंकायचं, मग कान मोकळे होतात. एकीचे झाले नाहीत, तिला सर्दी होती. ती वर आली, आणि बरं केलं.

खाली काय दिसलं? आधी तर आपलाच श्वास ऐकू येतो, घरघर. मग डोळे सरावतात. पिवळ्या अंगावर काळे पट्टे असलेले मासे थव्याने तोंडासमोर. खडपाच्या कपारीत गोबरा. आम्ही त्याला ताटात किती वेळा वाढला असेल, पण तो घरात बसून आपल्याकडे बघतो तेव्हा वेगळाच वाटतो. एका फटीतून शेवंडीच्या नुसत्या मिशा बाहेर. मनगटावरचा लाल धागा मातकट दिसत होता, कारण पाण्यात लाल रंग सगळ्यांत आधी विझतो. आणि सगळीकडे खडकाला चिकटलेलं, घड्या पडलेल्या पानांसारखं, कोबीच्या गड्ड्यासारखं, मधाच्या पोळ्यासारखं काहीतरी. तपकिरी, हिरवट, पिवळसर. ते प्रवाळ.

आम्हाला पोवळं म्हटलं की माळेतलं लाल पोवळं माहीत. ते वेगळं, बहुतेक भूमध्य समुद्रातून येणारं. आमच्या खडपातलं प्रवाळ दगडासारखं दिसतं, पण तो दगड नाही आणि झाडही नाही. ते हजारो बारीक जीव आहेत. प्रत्येक जीव स्वतःभोवती चुन्याचं घर बांधतो. त्याच्या अंगात सूक्ष्म शेवाळ राहतं, ते उन्हावर अन्न तयार करतं आणि जिवाला देतं. भाडेकरूने घरमालकाला जेवू घालावं तसं. पाणी फार दिवस नेहमीपेक्षा एक-दोन अंशांनी जरी तापलं, तरी हे शेवाळ निघून जातं आणि प्रवाळ पांढरं पडतं. तसंच राहिलं तर उपाशी मरतं. गोल दगडासारखं दिसणारं प्रवाळ वर्षाला साधारण एक सेंटिमीटर वाढतं. म्हणजे तुमच्या नातीच्या बारशाला हाताच्या पंजाएवढं असलेलं प्रवाळ तिच्या लग्नापर्यंत जेमतेम परातीएवढं होणार.

जगाच्या समुद्रतळाचा शंभरातला एक भागही प्रवाळाने व्यापलेला नाही. तरी समुद्रातल्या माशा-जिवांच्या जातींपैकी सुमारे पाव जाती आयुष्यात कधी ना कधी त्याच्या आधाराने राहतात. कितीतरी माशांची पिलं तिथे लपून मोठी होतात. पुढे ती जाळ्यात येतात, मग आपल्या टोपलीत. म्हणजे ते आमचंच अंगण, फक्त पाण्याखालचं.

आम्ही वर आलो तेव्हा वहिनी गप्प बसली होती. तिच्या हातात बशीएवढा तुकडा होता. होडी हलवताना नांगर वर ओढला, त्याच्या दातात अडकून आला होता. होडीवरचा मुलगा म्हणाला, "दगड आहे, टाका." पण तो बुळबुळीत होता, जिवंत होता. आम्ही नुकतंच खाली जे बघून "अगो बाई" केलं होतं, तेच तोडून वर आलं होतं. आणि मैत्रिणींनो, सगळ्यांत खाली मान घालायची गोष्ट ही, की ती होडी परक्याची नव्हती. आमच्यातल्याच एकीच्या घरची होती.

तुकडा लगेच पाण्यात सोडला. प्रवाळ घरी न्यायचं नाही, शोभेला ठेवायचं नाही. वन्यजीव संरक्षण कायद्यात त्याला वाघाइतकंच संरक्षण आहे. मालवणच्या समुद्राचा सुमारे २९ चौरस किलोमीटरचा पट्टा १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे. त्यावरून आमच्या किनाऱ्यावर वाद झाले आहेत, मच्छीमारांच्या पोटाचा प्रश्न आहे, ते आम्ही विसरत नाही. पण नांगर कुठे टाकायचा, हे ठरवायला सरकारची वाट कशाला बघायची?

त्या रात्री घराघरांत भांडणं झाली. पुरुषांचं म्हणणं खोटं नव्हतं. "आठ माणसं घेऊन होडी वाहून जाऊ देऊ काय?" आम्ही म्हटलं, नांगर टाका, पण वाळूत टाका, खडपावर नको. दहा वाव दोर जास्त लागेल, तो गट घेऊन देईल. आणि कायमचा बोया बसवायला परवानगी लागते, त्याचा अर्ज आम्ही सगळ्यांच्या सह्यांनी दिला आहे.

दुसरं भांडण आमच्या आमच्यातच झालं. मासे जवळ यावेत म्हणून होडीवाले पाण्यात ब्रेड टाकतात, आणि ब्रेडचे पुडे विकणारी आमच्यातलीच होती. तिची मिळकत होती ती. पण मासे ब्रेडवर पोट भरायला लागले की खडपावरचं शेवाळ खात नाहीत, आणि वाढलेलं शेवाळ प्रवाळाला गुदमरवतं. शिवाय सवय लागली की तेच मासे माणसाला टोचायला येतात. दोन बैठका ती आमच्याशी बोलली नाही. आता ती डुबकी मारून आलेल्या, थंडीने कुडकुडणाऱ्या पाहुण्यांना गरम चहा आणि उकडलेले शेंगदाणे विकते. मिळकत अजून ब्रेडएवढी होत नाही. फरक पडतो तेवढा सध्या गटाच्या खात्यातून देतो.

आम्हाला धीर कोणाचा? तमिळनाडूत रामनाथपुरम जिल्ह्यात, मन्नारच्या आखाताच्या काठावरच्या बायांचा. त्या पिढ्यानपिढ्या प्रवाळाच्या बेटांजवळ समुद्रशेवाळ काढायला डुबकी मारतात. पाठीला सिलिंडर नाही, नुसता रोखलेला श्वास, आणि कापू नये म्हणून बोटांना गुंडाळलेल्या चिंध्या. तिथे राष्ट्रीय उद्यान झालं आणि त्यांच्या जाण्यावर बंधनं आली. बाया एकत्र आल्या आणि महिन्यातले बाराच दिवस शेवाळ काढायचं, असं त्यांनी ठरवून घेतलं. त्यांच्या पुढारी लक्ष्मी मूर्ती यांना २०१५ साली सीकॉलॉजी पुरस्कार मिळाला, तो घ्यायला त्या अमेरिकेला गेल्या. गरीब बाईने स्वतःच्या हाताला स्वतःच लगाम घातला की सरकारही ऐकतं, हे त्यांनी दाखवलं.

आमच्याकडेही नवं काही ठरलं आहे. नौदलातून निवृत्त झालेली 'गुलदार' नावाची युद्धनौका निवतीच्या खडकांजवळ बुडवून पाण्याखालचं संग्रहालय करायचं. तेल, वायरी, रंगाची घाण काढून जहाज नीट साफ केलं, तर लोखंडाच्या कठीण अंगावर प्रवाळ धरतं, कपारींत मासे वस्ती करतात. पाहुणे तिकडे वळले तर खडपांवरची गर्दीही थोडी कमी होईल. पण बुडालेल्या जहाजाच्या आत घुसणं हे शिकलेल्या माणसाचं काम. हौशी माणसाने बाहेरूनच बघावं. आणि नवं जहाज आलं म्हणून जुनं खडप मोडायला मोकळीक मिळाली, असंही नाही.

घाटावरच्या मैत्रिणींनो, तुमचे गट सहलीला आमच्याकडे येतात. आलात तर एवढं करा. तब्येतीचा कागद स्वतः वाचा, वाचता येत नसेल तर वाचून घ्या, आणि खरं लिहा. सर्दी असेल, दिवस गेले असतील तर उतरू नका. शिकवणाऱ्याचं प्रमाणपत्र मागा, त्यात लाज कसली? भीती वाटली तर अंगठा वर करा, पैसे गेले तरी चालतील. खाली कशाला हात लावू नका, पाय टेकवू नका. डुबकीनंतर निदान बारा तास, जमलं तर अठरा तास, विमानात बसू नका. आणि होडीवाल्याला विचारा, "दादा, नांगर वाळूत टाकताय ना?" आम्ही विचारलं तर तो हसतो. पाहुणीने विचारलं तर ऐकतो.

सध्या आमच्या सहापैकी चार होड्या वाळूत नांगर टाकतात. दोघांचं मन अजून वळायचं आहे. वहिनी सावंतवाडीला छातीच्या डॉक्टरांकडे जाऊन आली. ते नाही म्हणाले. आता ती होडीतून पाण्यात डोकं घालून, मास्क लावून वरूनच बघते आणि कुठे नांगराची खूण दिसली की वहीत लिहून ठेवते. ती वही पुढच्या बैठकीत उघडायची आहे.

तुमच्या गावाजवळ समुद्र नसेल, पण तळं असेल, नदी असेल, डोंगर असेल. आपण ज्याच्यावर जेवतो ते एकदा खाली उतरून बघा, आणि काय दिसलं ते या रेडिओला कळवा.