भिंत सगळ्यांची
(रौप्यमहोत्सवी सभेतील भाषणावरून)



कंपाउंडची भिंत रंगवायचं ठरलं, आनंद आहे. पण नुसतं बघायचं चित्र नको. २००९ मध्ये मुंबईच्या तुळशी पाइप रोडवर, रेल्वेच्या भिंतीवर सामान्य माणसांनाच रंगवायला बोलावलं होतं. २०११ मध्ये अमेरिकेत न्यू ऑर्लिन्सला कँडी चँग यांनी एका पडीक घराच्या भिंतीला फळ्याचा काळा रंग दिला, मरण्याआधी काय करायचंय ते लिहायला जागा सोडली आणि खडू ठेवले. लोकांनी ती भरली.

आपणही गेटजवळची दहा फूट भिंत काळी करू. पोरांचा हात पोचेल अशी खाली, वर पावसासाठी पत्रा, बाजूला खडूचा डबा. प्रश्न एकच लिहू : 'अंबडला तुम्ही कशासाठी आलात?' एमआयडीसीच्या पाळीला जाणाराही दोन शब्द लिहील. भरली की रविवारी पुसायची.

माझा यात स्वार्थ आहे. सेक्रेटरी असताना रेघोट्या मारल्या म्हणून मी एका पोराला फार रागावलो होतो. भिंत स्वच्छ राहिली. पण तो खाली खेळायला येईनासा झाला. पहिला खडू मी आणून देतो.