चौथीच्या आधी जन्मलेली पाचवी

मृग लागला की पीककर्जाला सातबारा हवा म्हणून रिसोड, मंगरुळपीरच्या सेवा केंद्रांवर गर्दी उसळते. तिथला पोरगा गट नंबर टाकतो, उतारा निघतो. कॉलेजात प्रोग्रॅमिंग भाषांच्या पाच पिढ्या पाठ करून घेतात. त्यातल्या चार या एका कागदामागे राबतात.

‘या गटाची नोंद दे’ ही मागणी डेटाबेसकडे सहसा एसक्यूएलमधून जाते. ही चौथी पिढी. नोंद कशी हुडकायची, ते तिला सांगावं लागत नाही. हुडकणारं सॉफ्टवेअर बहुधा सी किंवा सी प्लस प्लसमधलं, म्हणजे तिसरी. त्याखालच्या यंत्रणेतल्या काही ओळी असेंब्लीत, ती दुसरी. आणि प्रोसेसरला कळतात ते फक्त शून्य आणि एक, ही पहिली. म्हणजे नवी पिढी आली म्हणून जुनी गेली, असं इथं होत नाही.

मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६० साली टिफरॅक हा संगणक सुरू झाला. अशा सुरुवातीच्या यंत्रांवर काम करताना कोणता आकडा मेमरीच्या कोणत्या खणात ठेवायचा, हेही माणसानंच ठरवायचं. त्याआधीच, १९५७ साली, जॉन बॅकस आणि सहकाऱ्यांची फोरट्रान आली होती आणि तिच्यात सूत्र जवळपास सूत्रासारखंच लिहिता येऊ लागलं. खणांचा हिशेब कंपायलरकडे, म्हणजे ते यंत्राच्या भाषेत उतरवणाऱ्या सॉफ्टवेअरकडे गेला. शिवाय तोच प्रोग्रॅम थोड्या फेरफारानं दुसऱ्या यंत्रावर नेता येऊ लागला. माझ्या मते खरी पिढी बदलली ती इथे.

पुढचे आकडे मात्र थोडे दुकानदारीचे. ‘चौथी पिढी’ हे नाव गाजलं १९८०च्या दशकात, प्रोग्रॅमरशिवाय काम होईल या आश्वासनावर. जपाननं १९८२ साली ‘पाचव्या पिढी’च्या संगणकाचा मोठा प्रकल्प काढला, तर्कावर चालणाऱ्या भाषांचा आधार घेऊन. त्या घराण्यातली प्रोलॉग १९७२ची, आणि एसक्यूएलचा पहिला आराखडा १९७४चा! पाचवी चौथीहून थोरली. तेव्हा या आकड्यात वय शोधू नये. यंत्राची किती उठाठेव माणसाच्या गळ्यात उरते, एवढंच त्यातून कळतं.

हल्ली मराठीत सांगितलं तरी कोड लिहून देणारी साधनं आली आहेत. ही सहावी पिढी का, असं विद्यार्थी विचारतात. पण ती लिहून देतात ते पायथन नाहीतर एसक्यूएलच. त्यात गट नंबरची अट राहून गेली, तर साऱ्या गावाच्या नोंदी समोर येतील, आणि ती चूक धरायला एसक्यूएल वाचता येणारा माणूस लागेल.