तुटीची वाटणी



लहरी हवामानाशी जुन्या समाजांनी कसं जुळवून घेतलं, ही चर्चा आपल्याकडे बहुधा नक्षत्रं, पावशा आणि मुंग्यांच्या अंड्यांपाशी येऊन थांबते. जुन्या माणसांना पाऊस आधी कळायचा, असं आपण कौतुकानं सांगतो. मला ते पुरेसं वाटत नाही. पाऊस त्यांनाही कळत नव्हता, आणि तो कळणार नाही हे धरूनच त्यांनी गावची घडी बसवली होती. धुळे-नाशिक भागातली फड पद्धत हा त्याचा सर्वांत स्वच्छ पुरावा आहे.

पांझरा, मोसम, आरम या नद्या सह्याद्रीच्या पूर्व उतारावरून येतात. डोंगरात पाऊस बरा, खाली साक्री-सटाण्याच्या पट्ट्यात बेताचा. शेतावर थेंब नसतानाही नदी वाहते, पण यंदा वाहिली तेवढी पुढच्या साली वाहील याचा नेम नाही. इथल्या गावांनी किमान 300 वर्षं नदीत बंधारे घालून पाटानं पाणी घेतलं. बंधारा सगळ्यांना दिसतो, त्यामागचा करार दिसत नाही. भिजणारी सारी जमीन तीन-चार फडांत विभागलेली, आणि एका फडात सगळ्यांनी एकच पीक घ्यायचं. एकात ऊस असेल, तर दुसऱ्यात गहू. पुढे पिकं फडांवरून फिरायची. शेतकऱ्याची जमीन बहुधा प्रत्येक फडात थोडी थोडी. हंगामाच्या तोंडावर नदीचं पाणी पाहून सगळे एकत्र बसत आणि कोणता फड भिजवायचा, कोणता पडीक ठेवायचा हे ठरवत. पडीक फडात ज्याचा तुकडा, त्याचाच तुकडा भिजणाऱ्या फडातही. त्यामुळे तूट कुणा एकाच्या डोक्यावर कोसळत नसे. पाणी देण्याचं कामही शेतकऱ्याकडे नव्हतं. पाटकरी दारं धरायचा. एक वावर टोकापर्यंत भिजलं की मातीचा बांध फोडून पाणी पुढच्या वावरात वळवायचा. त्याचा मेहनताना पिकाच्या रूपानं मिळे, म्हणून शेवटचं शेत कोरडं राहणं त्यालाही परवडणारं नव्हतं.

यावर पहिला आक्षेप रास्त आहे. हा करार जमीनवाल्यांचा होता. ज्याला वावर नाही त्याला फडात जागा नव्हती, आणि बाईच्या शब्दाला त्या बैठकीत किती वजन असेल हे सांगायला नको. हे मान्यच करायला हवं. पण दोष आहे म्हणून तत्त्व टाकायचं की दुरुस्त करायचं? 1972च्या दुष्काळानंतर पुरंदर तालुक्यात नायगावला विलासराव साळुंखे यांनी पाणी पंचायत उभी केली, तेव्हा पाणी जमिनीवर न देता माणशी दिलं. दर माणसामागे अर्धा एकर भिजेल एवढं, भूमिहीनालाही हक्क, आणि ऊस लावायचा नाही. तुटीच्या वाटणीचंच तत्त्व, पण त्याची दारं रुंद केलेली.

दुसरा आक्षेप असा की पाऊसमानच बदललं, आता 300 वर्षांचा अनुभव काय कामाचा? फड पद्धत अंदाजावर उभी असती तर हे खरं ठरलं असतं. ती उभी होती डोळ्यांनी पाहिलेल्या पाण्यावर. तिला धक्का बसला तो वेगळ्याच बाजूनं. मोसमवर हरणबारी, आरमवर केळझर, पांझरेवर लाटीपाडा अशी धरणं वरच्या अंगाला झाली आणि पाणी कधी सोडायचं हा निर्णय गावाबाहेर गेला. विहिरीवर पंप बसला तसा ज्याचं त्याचं पाणी ज्याचं त्याला झालं; बैठकीला यायचं कारणच उरलं नाही. धरणं नकोत असं मी म्हणत नाही. साठा वाढला, करार मात्र विस्कटला, एवढंच माझं दुखणं आहे.

शेतकऱ्यांनी सिंचनाचं व्यवस्थापन करण्याच्या 2005च्या कायद्यानं त्यांच्या पाणीवापर संस्थांना पाणी मोजून देण्याची तरतूद केली आणि पीक निवडायची मोकळीकही दिली. भरल्या वर्षी ती मोकळीक चांगलीच. तुटीच्या वर्षी तिचं काय करायचं, हे संस्थेनं स्वतः ठरवायचं आहे, आणि तिथेच आपल्या संस्थांची नियमावली गप्प आहे. पावसाळा संपला की धरणात किती पाणी आहे ते कळतं. त्याच आठवड्यात सभा भरावी; कोणती शेतं कोरडी राहणार आणि त्या शेतकऱ्यांना भिजणाऱ्या क्षेत्रात किती वाटा मिळणार, हे पेरणीआधी इतिवृत्तात लिहिलं जावं. हा मसुदा मी या परिषदेपुढे ठेवतो आहे. त्यावर कलमवार चर्चा व्हावी.