वाकड्या खोलीची सरळ फरशी

मागच्या साली आमच्या गटाच्या खोलीत फरशी बसवली. खोली वाकडी. लांबी 14 फूट, रुंदी एका टोकाला 10 अन् दुसऱ्या टोकाला 12. आम्ही 10 धरून फरशी आणली. ती कमी पडली, अन् त्याच रंगाची पुन्हा मिळाली नाही. बचतीचा पैसा, जीव हळहळला.

तुम्ही असं मोजा. 10 अन् 12 ची बेरीज 22, निम्मे 11. गुणिले 14, म्हणजे 154 चौरस फूट. कापाकापीसाठी दहावा हिस्सा वाढवा, 170 धरा. दोन बाय दोनच्या 43 फरश्या लागतील.

कोपरा तपासा. एका भिंतीवर 3 फुटांवर, दुसरीवर 4 फुटांवर खूण करा. खुणांमधलं अंतर बरोबर 5 फूट भरलं, तर कोपरा काटकोनात. नाही भरलं, तर भिंतीला धरून सुरुवात नको. दारासमोर मधोमध दोरी ताणून ओळ धरा. कापलेले तुकडे कपाटाखाली जाऊ द्या.

आपली काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. म्हणून आधी मुरूम टाका, पाणी मारा, धुमसानं ठोकून घ्या.

मिस्त्री आपलेच भाऊ आहेत. पण टेप आपल्या हातात असू द्या!