पहार डोक्यात बसली आणि…

अमेरिकन लेखक मार्क ट्वेन यांची १८८९ सालची एक गमतीदार कादंबरी आम्ही गटात वाचली, तिची गोष्ट ऐका.

बंदुकीच्या कारखान्यातला हँक. भांडणात डोक्यात पहार बसते आणि तो जागा होतो थेट सन ५२८ मध्ये, इंग्लंडात, आर्थर राजाच्या काळात! त्याला जाळायला खांबाला बांधतात, तेवढ्यात सूर्यग्रहण लागतं. ‘सूर्य मीच झाकला’ म्हणत तो सुटतो आणि राजाचा कारभारीच होतो. मग टेलिफोन येतो, वर्तमानपत्र येतं. चिलखतातले सरदार साबणाची जाहिरात मिरवत हिंडतात. आम्ही पोट धरून हसलो.

शेवटी मात्र हसू थांबतं. धर्मसत्ता उलटते, लोक पाठ फिरवतात. सोबत उरतात ५२ पोरं. विजेच्या तारा आणि गोळ्यांपुढे २५ हजार माणसं मरतात. इतिहास होता तिथेच राहतो.

असं का झालं? हँकनं शाळा-कारखाने लपूनछपून उभारले, लोकांना विचारलंच नाही. उलट राजा वेष पालटून फिरताना गुलाम म्हणून विकला गेला, स्वतः सोसलं, तेव्हाच गुलामी बंद करायला तयार झाला.

यंत्र एका दिवसात येतं, मन नाही. म्हणून गटात नवं काही ठरवताना आधी वस्तीतल्या शेवटच्या घरी जाऊया, तिथल्या बाईला विचारूया.