उत्सवानंतरची परीक्षा



ज्युबिलीच्या या मंगल प्रसंगीं परमेश्वरानें आपल्या धर्मग्रामावर केलेल्या उपकारांचें स्मरण आपण पवित्र मिस्सांत व गायनांत केलें. आतां आम्हांस जे दोन शब्द बोलावयाचे आहेत, ते उत्सवानंतर येणाऱ्या दिवसांविषयीं आहेत. प्रभु येशूची सैतानानें परीक्षा केली ती केव्हां, हें ध्यानांत घ्या. यार्देन नदीवर बाप्तिस्मा झाला, स्वर्ग उघडला, आणि त्यापाठोपाठ अरण्यांतील चाळीस दिवसांच्या उपवासाअखेर तो मोह पाडणारा पुढें आला. आपलेंही तसेंच आहे. मंडप उतरेल, पताका निघतील, पाहुणे आपापल्या घरीं जातील. आणि मग आपली परीक्षा सुरू होईल.

ज्याच्या मनांत मोह उठतच नाहीं तो मनुष्य अध्यात्मांत प्रौढ, अशी पुष्कळांची समजूत असते. या समजुतीनें दोन प्रकारचें नुकसान होतें. भोळा मनुष्य मोह आला एवढ्यावरूनच स्वतःस पापी समजून निराश होतो. गर्विष्ठ मनुष्य आपणांस मोह शिवत नाहीं असें मानून गाफील राहतो. इ. स. 590 पासून 604 पर्यंत पोपपदीं असलेल्या थोर संत ग्रेगरी यांनीं मोहाच्या तीन पायऱ्या दाखविल्या आहेत: प्रथम सूचना, मग तींत वाटणारी गोडी, आणि शेवटीं इच्छेची संमति. सूचना ही दारावर पडलेली थाप आहे. ती पडूं न देणें आपल्या हातीं नाहीं. दार उघडावें कीं नाहीं, हें मात्र सर्वस्वीं आपल्या हातीं आहे. प्रत्यक्ष प्रभूच्या दारावरही ती थाप पडली, मग आपली काय कथा! प्रौढ ख्रिस्ती मनुष्य थापेनें घाबरत नाहीं. तो ती लवकर ओळखतो, आणि देवाच्या कृपेवर विसंबून कडी लावून घेतो.

ओळखणें हेंच कठीण आहे, कारण मोह आपलें नांव सांगून येत नाहीं. भुकेल्या प्रभूपुढें सैतानानें पहिली गोष्ट काढली ती भाकरीची. भूक खरी होती, आणि भाकर कांहीं वाईट वस्तु नव्हे. आपल्याही घरीं मोह असाच एखाद्या वाजवी गरजेच्या आडून शिरतो. मुलांच्या भवितव्यासाठीं म्हणून भावाच्या हिश्श्याची जमीन दाबली जाते. दिवसाचा शीण जावा म्हणून घेतलेला पेला पुढें सबंध घराचें अन्न खातो. खरें तें बोललेंच पाहिजे असें म्हणत शेजाऱ्याची अब्रू चव्हाट्यावर मांडली जाते. पूर्वीं वाईट संगतीसाठीं घराबाहेर पडावें लागे. आतां ती मोबाईलच्या रूपानें उशापाशीं येऊन बसली आहे.

येशूसंघाचे संस्थापक संत इग्नेशियस लोयोला हे मूळचे लढवय्ये. 1521 सालीं पांप्लोनाच्या किल्ल्याचें रक्षण करीत असतां तोफेच्या गोळ्यानें त्यांचा पाय मोडला. पुढें आध्यात्मिक साधनेवरील आपल्या ग्रंथांत त्यांनीं मोह पाडणाऱ्यास सेनापतीची उपमा दिली. तो तटाभोंवतीं फिरून सर्वांत दुबळी जागा हेरतो आणि तेथेंच हल्ला चढवितो. वसईकरांस हें निराळें समजावून सांगावयास नको. 1739 सालच्या वेढ्यांत जय कोणाचा व पराजय कोणाचा, हा येथें प्रश्न नाहीं. परंतु एवढ्या भक्कम तटास सुरुंगांनीं एके ठिकाणीं खिंडार पडतांच सबंध किल्ल्याचें काय झालें, हें आपण जाणतों. दानधर्म, उपवास, जपमाळ यांचे बुरूज उंच असले, तरी राग किंवा लोभ यांचा एक कोपरा मोकळा राहिला, कीं घात होतो.

त्याच संतांनीं सांगितलेली दुसरी खूण अशी कीं, मोहास गुप्तता फार प्रिय असते. एखाद्या मुलीस नादीं लावणारा लबाड मनुष्य तिच्या बापास कांहीं कळूं नये म्हणून जपतो, तसाच सैतान जपतो. म्हणून जी गोष्ट कोणास सांगूं नये असें वाटूं लागेल, ती शहाण्या धर्मगुरूंपाशीं मोकळेपणानें सांगावी. पापनिवेदनाच्या साक्रामेंतांत क्षमा मिळतेच. शिवाय अंधारांत वाढलेला मोह उजेडांत आल्याबरोबर निम्मा गळून पडतो.

आणि रोजचा उपाय? दुकानदार दिवे मालवण्यापूर्वीं रोजकीर्द लिहितो. आपणही निजण्यापूर्वीं देवाचे आभार मानावे, प्रकाश मागावा, दिवसाचा हिशेब घ्यावा, क्षमा याचावी आणि उद्यांचा निश्चय करावा. एका वेळीं एकच दोष धरावा, आणि आजचा दिवस कालच्याशीं ताडून पाहावा. घराच्या धन्यानें हें केलें, तर मुलांस त्याचें वळण आपोआप लागतें.

आपल्या वसईंत सुमारें 1557 सालीं जन्मलेले संत गोन्सालो गार्सिया यांच्याकडे पाहा. येशूसंघांत प्रवेश मिळावा ही त्यांची इच्छा सफळ झाली नाहीं, तरी त्यांनीं मन कडू होऊं दिलें नाहीं. व्यापारांत त्यांचा जम बसला, तरी ते त्यांत गुंतून पडले नाहींत. मनिला येथें फ्रान्सिसकन संघांत ते साधे बंधु झाले, आणि 1593 सालीं संत पेद्रो बाप्तिस्ता यांचे दुभाषी होऊन जपानांत परतले. 5 फेब्रुवारी 1597 रोजीं नागासाकी येथें पंचवीस सोबत्यांसह त्यांनीं क्रुसावर प्राण अर्पिला, व 1862 सालीं ख्रिस्तसभेनें त्यांस संतपद दिलें. तें बळ एका दिवसांत आलें नाहीं. निराशेचा व सुखाचा मोह ज्यानें आधींच जिंकला होता, त्यासच त्या टेकडीवर उभें राहतां आलें.

आपल्यापुढें क्रूस उभा नाहीं. भावाची जमीन, हातांतला पेला आणि जिभेच्या टोकावर आलेला शब्द एवढेंच आहे. आपलीं मुलें मंदिराच्या भिंतींवरून धर्म शिकणार नाहींत. आपण त्या क्षणीं काय करतों, हें तीं पाहत असतात. पवित्र कुमारी मारिया आणि संत गोन्सालो आपल्यासाठीं विनंति करोत, आणि परमेश्वर आपणांस जागृत ठेवो. आमेन.